शाकंभरीचे ऋण

देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात देवी देवांना एक वचन देते. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, पाणी उरणार नाही, तेव्हा मी अवतरेन आणि पुन्हा पाऊस येईपर्यंत माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी साऱ्या जगाचे पोषण करीन. म्हणून मला शाकंभरी म्हणतील. बदामीची बनशंकरी हे तिचेच रूप मानतात आणि ती आमची कुलदेवता. पौष शुद्ध अष्टमीला वाईच्या आमच्या घरी तिचे नवरात्र बसते, पौर्णिमेला भाज्यांचा नैवेद्य होतो. काही घरांत साठ भाज्या करण्याची रीत आहे. आम्ही बाजारात आणि परसात मिळतील तेवढ्या करतो: चाकवत, चुका, अंबाडी, तांदुळजा, माठ, शेपू, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला.

या देवीने जगाला नेमके काय दिले? अलीकडे तिच्या उत्सवातल्या प्रवचनांतही या प्रश्नाचे एक नवे उत्तर ऐकू येते. हिरवे पान म्हणजे हिरवे रक्त, असे ते उत्तर. पानातले हरितद्रव्य आणि आपल्या रक्तातले लाल द्रव्य यांची घडण एकसारखी, फरक एवढाच की मध्यभागी लोहाच्या जागी मॅग्नेशियम असते. तेव्हा गव्हांकुराचा रस प्यावा, हरितद्रव्याचे थेंब पाण्यातून घ्यावेत, म्हणजे रक्त वाढते आणि शरीर शुद्ध होते. देवीने दुष्काळात दिले ते हेच, असा त्याचा समारोप असतो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. त्याआधी माहेरी वडिलांकडे तर्कसंग्रह वाचला. ते भिक्षुकी करत आणि शिकायला येईल त्याला न्यायशास्त्राची ही पहिली पोथी शिकवत. दोन्ही विद्या मला तितक्याच प्रिय आहेत, आणि दोन्ही मला हेच सांगतात की हे उत्तर चुकीचे आहे. ते बाजूला केल्याने देवीचे देणे लहान होत नाही. ते किती मोठे आहे हे तिथून पुढे कळू लागते.

हा वाद माझ्या घरात आला तो नणंदेमुळे. वन्संना सारखा थकवा येई, जिना चढला की धाप लागे. तपासणीत हिमोग्लोबिन ८.२ निघाले, बाईमाणसाचे किमान १२ असावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आणखी काही तपासण्या सांगितल्या. वन्संनी गोळ्या कपाटात ठेवल्या आणि कुंडीत गहू पेरले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "अगं, त्या गोळ्यांनी पोट बिघडतं. हे बघ कसं निसर्गाचं रक्त आहे, देवीनंच दिलेलं." त्यांच्या डोळ्यांत खरी श्रद्धा होती, म्हणून मला घाईने काही बोलवेना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. वन्संनी ते वय ओलांडले आहे, पण हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिथे रक्ताविषयी बोलणाऱ्याने जपून बोलायला हवे.

आधी त्या दाव्याकडे नैयायिकाच्या नजरेने पाहू. प्रतिज्ञा अशी: हरितद्रव्य खाल्ल्याने रक्त वाढते. हेतू असा: कारण त्याची घडण रक्तातल्या हीम या लाल द्रव्यासारखी आहे. वडील इथे थांबवून विचारत, व्याप्ती दाखव. म्हणजे जिथे जिथे हा हेतू असतो तिथे तिथे हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, असतेच, असा अतूट संबंध दाखव. जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध टिकतो. जिथे अग्नी तिथे धूर, हा टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. असा हेतू साध्य असते तिथेही सापडतो आणि नसते तिथेही सापडतो. त्याला सव्यभिचार म्हणतात, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हरितद्रव्याचा हेतू असाच आहे. नायट्रोजनचे चार अणू आतल्या बाजूला धरणारे एक मोठे कडे, मध्ये एक धातू, ही घडण निसर्गाला आवडती दिसते. मध्ये लोह बसले की हीम होते आणि ते प्राणवायू वाहते. मॅग्नेशियम बसले की हरितद्रव्य होते आणि ते प्रकाश पकडते. थोड्या निराळ्या कड्यात कोबाल्ट बसले की ब-१२ जीवनसत्त्व होते. तेही रक्ताला लागतेच, पण त्याचा मार्ग अगदी वेगळा, आणि ते हिरव्या पानात नसते. कडे एका कुळातले, कामे तीन.

शिवाय ज्याच्याशी साम्य सांगतात ते हीम आपण थेट खाल्ले तरी ते जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्याच्या पेशी ते कडे फोडतात आणि आतले लोह तेवढे काढून घेतात. आपल्या रक्तातले हीम शरीर स्वतः घडवते. ग्लायसीन या साध्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, आठ टप्पे होतात आणि शेवटच्या टप्प्यात मध्यभागी लोह बसते. ज्या शरीराला खाल्लेले हीमसुद्धा तसेच्या तसे चालत नाही, ते हरितद्रव्यातले मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवील अशी आशा धरण्याला आधार कोणता?

तरीही नाते खोटे नाही, हे मला तितक्याच ठामपणे सांगायचे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स फिशर यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रक्तातले द्रव्य आणि हरितद्रव्य या दोन्हींच्या घडणीवरच्या कामासाठीच. वनस्पतीच्या पेशीत दोन्ही द्रव्ये एकाच वाटेने तयार होत जातात. एका टप्प्यावर वाट फुटते. एकीत मॅग्नेशियम बसते आणि पुढे हरितद्रव्य होते, दुसरीत लोह बसते आणि हीम होते. एका घरात जन्मलेल्या दोन बहिणींनी दोन निराळ्या घरी नांदावे तसे हे आहे. वनस्पतीला स्वतःचे लालही असते. भुईमुगाचे झाड उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी-लाल रंग दिसतो. तो रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातल्या द्रव्याचा असतो. नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू बेताने मिळावा, हे त्याचे काम. पाने आणि माणसे एका मूळ घराण्यातली आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा जमिनीत असताना तो रसाच्या पेल्यात शोधावा लागत नाही.

मग पेल्यातल्या हिरव्याचे पोटात काय होते? हे आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. चाकवतात ताक पडले किंवा अळूत चिंचेचा कोळ पडला की भाजीचा हिरवा रंग मंदावून शेवाळी होतो. अंबाडी तर मुळातच आंबट, ती शिजल्यावर कधीच हिरवीगार राहत नाही. आंबटाने आणि उष्णतेने कड्यातले मॅग्नेशियम निसटते, म्हणून रंग बदलतो. जठरातले आम्ल हेच करते. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, शरीरात फारच थोडे शोषले जाते, आणि बाकीचे शौचावाटे निघून जाते. किलोभर पालकात हरितद्रव्य असते तेच मुळी एक ग्रॅमच्या आसपास.

जे खरे आढळले आहे तेही सांगायला हवे. चीनच्या ज्यांगसू प्रांतातल्या छीतोंग भागात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण फार होते आणि बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन हे त्याचे एक मोठे कारण होते. तिथे १८० प्रौढांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना क्लोरोफिलिनची १०० मिलिग्रॅमची गोळी जेवणाआधी दिवसातून तीनदा, चार महिने दिली. त्यांच्या लघवीतली अफ्लाटॉक्सिनने केलेल्या इजेची खूण दुसऱ्या गटापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी भरली. आतड्यात हे द्रव्य विषाला धरून ठेवते आणि विष अंगात भिनत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. ही मोलाची गोष्ट आहे. पण क्लोरोफिलिन हे हरितद्रव्यावर प्रक्रिया करून, मध्ये तांबे बसवून केलेले द्रव्य आहे. चाचणीत मोजली गेली ती इजेची खूण. कर्करोग किती जणांना झाला हे मोजलेले नव्हते. आणि इथेही त्याचे काम आतड्यात थांबून विषाला अडवण्याचे होते, रक्तात मिसळण्याचे नव्हे.

हिरव्या द्रव्याचा एक उग्र चेहरा मी लहानपणी पाहिला आहे. माझे माहेर खटाव तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात कडबा संपला आणि आमची बांडी गाय डोंगराच्या कडेची घाणेरी खाऊ लागली. काही दिवसांत तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचे कातडे सुजले, मग सोलून निघाले. काळ्या भागाला काही झाले नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात बांधायला सांगितले. त्यामागचे कारण मला पुढे शिकताना कळले. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव हरितद्रव्यापासून एक द्रव्य तयार करतात, निरोगी यकृत ते पित्तातून बाहेर टाकते. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडले की ते द्रव्य रक्तातून कातडीत जाते, तिथे ऊन पकडते आणि कातडी भाजते. हे द्रव्यही त्याच कड्याचे. घडण सारखी म्हणून परिणाम सारखा आणि हितकरच, हा तर्क आमच्या गोठ्यात मोडला होता.

त्याच दुष्काळात आई पहाटे विहिरीच्या ओलीला जाई आणि ओटीभर तांदुळजा, घोळ, पाथरी खुडून आणी. गावातली माणसे खडी फोडायला जात, कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो मिळे. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. ती उतरे आईच्या भाजीबरोबर. त्या ओटीभर पाल्याने कोणाचा आजार बरा झाला असेल असे मला वाटत नाही. पण तो मिळाला म्हणून आम्ही जेवलो. शाकंभरी म्हणजे काय हे मला कोणी न सांगता तिथे समजले.

पाल्याचा आणि रक्ताचा संबंध खराच आहे, आणि तो शोधण्याच्या कथेत आपली मुंबई आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरीब, गरोदर बायांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम करून माग काढला. तो आहारातल्या उणिवेने होतो आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले नेमके द्रव्य कोणते हे तेव्हा माहीत नव्हते. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून ज्याचा अंश वेगळा केला ते फोलिक आम्ल आणि विल्सबाईंचे द्रव्य एकाच वर्गातले निघाले. आज आपल्याकडे गरोदर बाईला लोहाबरोबर ज्याची गोळी देतात ते हेच.

म्हणजे पान रक्त घडवायला मदत करते. पण पानातल्या ज्या वस्तू ती मदत करतात त्यांपैकी एकीचाही रंग हिरवा नाही. फोलिक आम्ल पिवळसर असते. लोह कमी शोषले जाते, पण लिंबू पिळले तर अधिक लागू पडते, आणि लिंबातले ते क जीवनसत्त्व रंगहीन असते. रक्त गोठायला लागणारे के जीवनसत्त्व पानात भरपूर असते. म्हणून रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये आणि एकदम सोडूही नये. डोळ्यांना लागणारे कॅरोटिन नारिंगी असते, ते हिरव्याखाली झाकलेले असते. वन्संना मी एवढेच सांगितले, की देवीने दिलेला पाला जरूर खा, शिजवलेले पाणी फेकू नका कारण फोलिक आम्ल त्यातून निघून जाते, जेवणाला लागून चहा घेऊ नका, आणि गोळ्याही घ्या, कारण लोह हे पृथ्वीचेच आहे, ते पानातून आले काय आणि गोळीतून आले काय. त्यांनी ऐकले. रक्त कमी होण्याचे मूळ कारणही तपासणीत सापडले आणि त्यावर उपचार झाले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. पोटात गेल्यावर हरितद्रव्य फारसे काही करत नसेल, तर त्याचे मोठेपण कशात आहे?

वर्गात मी एक प्रयोग दर वर्षी दाखवी. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुटून गाळली की गडद हिरवा अर्क मिळतो. खोली अंधारी करून त्यावर बाजूने निळसर प्रखर प्रकाश टाकला की तो अर्क लाल दिसू लागतो, रक्तासारखा लाल. मुले दचकत आणि हमखास म्हणत, बाई, रक्त! मी त्यांना सांगे, हे रक्त नाही, ही वाया जाणारी शक्ती आहे. जिवंत पानात हरितद्रव्याचा कण एकटा नसतो. तो प्रकाश पकडतो आणि ती शक्ती शेजारच्या कणाला देतो, तो पुढच्याला, असे करत ती अशा ठिकाणी पोचते जिथे पाण्याचे रेणू फुटतात, प्राणवायू मोकळा होतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडण्याची तयारी होते. पानातून ओरबाडून काढलेल्या कणाला शक्ती द्यायला कोणी उरत नाही. मग तो घेतलेला प्रकाश काही अंशी लाल रंगाच्या रूपाने परत टाकतो. हरितद्रव्याचे सामर्थ्य त्याच्या एकट्याच्या रेणूत नाही, पानाच्या अखंड व्यवस्थेत आहे. बाटलीत भरलेले हरितद्रव्य हे त्या व्यवस्थेतून तोडून आणलेले असते.

१७७१ साली इंग्लंडमधल्या लीड्स इथे जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. प्रीस्टली ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. यान इंगेनहाउस या डच वैद्यांनी १७७९ साली दाखवून दिले, की हवा अशी सुधारते ती फक्त झाडाच्या हिरव्या भागामुळे आणि तीही फक्त उजेडात. आज आपण जो श्वास घेतो त्यातला प्राणवायू आणि जो घास घेतो त्यातली शक्ती, दोन्ही जमिनीवरच्या पानांतून आणि समुद्रातल्या सूक्ष्म हिरव्या जीवांतून आलेली असतात. ज्वारीच्या दाण्यात, दुधात, मटणाच्या तुकड्यातसुद्धा हीच शक्ती असते. ज्याने आयुष्यात पालेभाजी तोंडाला लावली नाही त्यालाही हरितद्रव्यच जगवत असते.

माझे म्हणणे आता थोडक्यात मांडता येते. हरितद्रव्याचा आपल्या आरोग्यावर जो सर्वांत मोठा परिणाम होतो, तो आपल्या शरीराबाहेर घडतो. आपण ते गिळले म्हणून ते आपल्याला जगवत नाही. ते पानात राहून आपले काम करते, म्हणून आपण जगतो. आणि इथेच हा प्रश्न रसायनशास्त्रातून धर्मात येतो. ज्याने आपण जगतो ते आपल्या आत ओढून घेतल्याशिवाय आपलेसे होत नाही, असे माणसाला वाटते. उपकार करणाऱ्याचेही औषध करून प्यावे, म्हणजे ऋण उरत नाही. 'हिरवे रक्त' या कल्पनेच्या तळाशी मला हा अहंकार दिसतो. तो कोणा एकाचा नाही, माणसाच्या स्वभावातलाच आहे.

धर्मग्रंथांनी मात्र पाने आणि तृण यांच्या कथा दुसऱ्याच अर्थाने सांगितल्या आहेत. गव्हांकुराच्या रसाचा आधुनिक प्रसार ज्यांनी केला त्या बॉस्टनच्या ॲन विगमोर यांना बायबलमधल्या नबुखद्नेस्सर राजाच्या कथेतून काहीशी प्रेरणा मिळाली होती. दानीएलाच्या पुस्तकातला तो राजा बैलासारखे गवत खातो. पण तिथे गवत हे औषध नाही. आपले राज्य आपल्याच बळाने उभे राहिले असे म्हणणाऱ्या राजाला झालेली ती शिक्षा आहे. आकाशाकडे डोळे करून तो नम्र होतो तेव्हा त्याची बुद्धी परत येते.

महाभारतातली द्रौपदीच्या थाळीची कथा आपल्याला पाठ असते, पण ती थाळी कोणी दिली हे पुष्कळदा विसरते. ती सूर्याने युधिष्ठिराला दिली होती. त्याच्या आधी वनपर्वात धौम्य ऋषी युधिष्ठिराला समजावतात, की प्राण्यांचे प्राण धरून ठेवणारे अन्न हे सूर्यमय आहे, म्हणून सूर्याला शरण जा. यावरून व्यासांना प्रकाशसंश्लेषण माहीत होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे साम्यावरून सिद्धांत काढणे, आणि ती चूक मी वर दाखवली आहे. मला त्यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. वनात सोबतच्या साऱ्यांचे पोट भरायचे आहे, आणि ऋषी म्हणतो, ज्याच्यापासून अन्न येते त्याचे उपकार आधी मान. पुढे त्याच थाळीला चिकटलेले भाजीचे पान कृष्ण खातो, आणि तृप्त होतात ते नदीवर स्नानाला गेलेले दुर्वास आणि त्यांचे शिष्य. एकाने खाल्ले आणि दुसरे तृप्त झाले, हा त्या पानाचा चमत्कार.

माझी एक जैन मैत्रीण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही. त्या दिवशी तिच्याकडे डाळी-कडधान्यांचे जेवण असते. पान सजीव आहे, त्याला तोडणे ही हिंसा आहे, रोज टाळता येत नाही तर निदान या तिथींना टाळावी, असे ती मानते. मी तिच्यासारखे व्रत करत नाही. पण पानाशी वागण्याची तिची रीत मला खोलवर पटते, कारण तीत पान हे आपल्या उपयोगाची वस्तू होण्याआधी स्वतःचे आयुष्य असलेला जीव आहे.

एक आक्षेप मी प्रामाणिक माणसांकडून ऐकते. ते म्हणतात, बाई, हिरवे रक्त म्हटल्याने लोक चार पाने जास्त खात असतील तर तुमचे काय बिघडते? मला तीन गोष्टी बिघडताना दिसतात. पहिली, रक्तक्षय झालेल्या बाया गोळ्या बाजूला ठेवतात, आणि आतला खरा रोग तोवर वाढत राहतो. दुसरी, महागड्या बाटलीतच आरोग्य आहे असे वाटू लागले की बांधावरचा फुकटचा तांदुळजा आणि शेवग्याचा पाला गरिबाच्या ताटातून उतरतो. तिसरी मला सर्वांत जास्त लागते. श्रद्धा अशा पुराव्यावर टांगली की तो पुरावा पडला तेव्हा श्रद्धाही पडते. मुले हुशार असतात. हरितद्रव्य रक्त होत नाही हे त्यांना नववी-दहावीतच समजते. देवीचे देणे म्हणजे हेच, असे आपण त्यांना सांगून ठेवले असेल, तर देवीवरचा त्यांचा विश्वास आपण आपल्या हाताने घालवला असे होईल. श्रद्धेला खोट्या साक्षीदाराची गरज नसते. शाकंभरीच्या बाजूने प्रत्येक हिरवे पान खरी साक्ष देत उभे आहे.

मग या ऋणाचे करायचे काय? देवीला काही कमी नाही, तेव्हा तिला परत देता येत नाही. जे परत देता येत नाही ते पुढे द्यायचे असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे, की देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटा भोगतो तो चोर होय. पौर्णिमेच्या नैवेद्याचा अर्थ मी तिथून घेते. पहिले ताट घरातल्या माणसांआधी बाहेरच्या भुकेल्यासाठी वाढायचे. देठ आणि पाणी फेकायचे नाही. चाकवत, चुका, अंबाडीचे बी धरून ठेवायचे आणि मागेल त्याला द्यायचे. परसातल्या झाडांना आणि गावच्या डोंगराला हिरवे राहू द्यायचे, कारण आपला श्वास तिथे घडतो.

देवीपुढे उभे राहून आरोग्य मागण्यात गैर काही नाही, मीही मागते. पण व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पानाला रक्त म्हणू नका, त्याला अन्न म्हणा. शाकंभरीने स्वतःसाठी तेवढाच शब्द पुरेसा मानला होता, आणि उपाशी माणसाला विचारले तर तोही सांगेल की याहून मोठे देणे दुसरे नाही.